कापूरच्या वंशाची चिठ्ठी

कार्तिक वद्य तृतीया

आज पुन्हा. आधी माजघराचा खांब, मग धान्याची कणगी, शेवटी भाऊजींच्या बैठकीतला लोड. पाय वर करायचा, चार थेंब, पुढे चालू. कुत्रा द्वाड झाला म्हणून भाऊजींनी त्याचं नाक लोडावर घासलं, दोन चाबूक दिले. कापूर म्हणजे शिकारखान्यातला नावाजलेला पांढराशुभ्र नर. मार खाऊन मुकाट बाहेर गेला आणि जाताना उंबऱ्यावर आणखी चार थेंब ठेवून गेला.

उंबरा मीच धुतला. पण मनातून त्याची बाजू घेतली.

कार्तिक वद्य पंचमी

करीममियां आले. शिकारखान्यातली कुत्री त्यांनी आणि ह्यांनी मिळून वाढवलेली. हे गेल्याला तीन वर्षं झाली, तरी म्हातारा चौकशीला येतो. खांबाचा वास घेऊन म्हणाले, "बाईसाहेब, तो मुतत नाही, शिक्का मारतो. घरात रोज परक्या माद्या आणता, मग तो आपली हद्द सांगणारच."

खरं आहे. या महिन्यात तीन सरदारांच्या माद्या आल्या. भाऊजी कोणाला नाही म्हणत नाहीत. मादीचं वय बघत नाहीत, नातं बघत नाहीत, खोड तर नाहीच नाही. सरदार खूश, भाऊजींना दरबारात पुढची जागा.

उपाय विचारून ठेवले. नुसत्या पाण्याने वास जात नाही. चिंचेचा कोळ चोळायचा, वर रिठ्याचं पाणी. नदीकाठी मनसोक्त हिंडवून आणल्याशिवाय आत घ्यायचा नाही. पोटाला रुंद पट्टी. मार अजिबात नाही. एवढ्याने भागलं नाही तर घोड्यासारखा खच्ची करायचा.

कार्तिक वद्य सप्तमी

पट्टी शिवली. जुन्या धोतराची, दुहेरी, पाठीवर बंद. भाऊजी बघत उभे.

"वहिनी, शिकारी कुत्र्याला लंगोट? उद्या मला शिवाल."

म्हटलं, माप देऊन ठेवा.

मग मी खच्चीचं बोलले. त्यांचं हसणं थांबलं. "हिऱ्याच्या बापाला? लोक तोंडात शेण घालतील." जेवायला आले नाहीत. भाकरी झाकून ठेवली, तशीच गाईला गेली.

कार्तिक वद्य दशमी

तो हिरा. कापूरचाच. गेल्या हिवाळ्यात डुकराच्या शिकारीत मेला. करीममियांनी तीनदा शीळ घातली. सगळी कुत्री फिरली, हा एकटा पुढे गेला. पोट फाटलं. दरबारात वाहवा झाली, मर्द कुत्रा, मागे वळला नाही. तेव्हापासून ज्याला त्याला कापूरचं पिल्लू हवं.

अहो, तो बहिरा होता. वीस दिवसांचा असताना मी त्याच्यामागे परात वाजवली होती. हलला नाही. भाऊजींना तेव्हाच सांगितलं. म्हणाले, झोपेत असेल.

वंशाच्या नोंदींच्या कागदांचा रुमाल माझ्याकडे असतो. हे घोड्यावर बसायला शिकले, लिहायला नाही. मी वडिलांच्या पाठशाळेत पाच मुलग्यांच्या मागे बसून शिकले. हे सांगायचे, मी लिहायची. आज रुमाल सोडून सगळं पुन्हा वाचलं. पांढऱ्या नराला पांढरी मादी चार वेळा दिली. चारही वेतांत बहिरं निघालं, कधी एक, कधी दोन. खाली ह्यांचा शब्द, माझं अक्षर: पुन्हा देऊ नये.

मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदा

शेवंती माजावर आली. ह्यांनी निवडलेली शेवटची मादी, तीही पांढरी. तिच्यासाठी करीममियांचा तांबडा नर ठरवला आहे, पण पुढच्या खेपेला. या खेपेला अंगात मांस नाही. गोठ्याशेजारच्या खोलीत कोंडली.

कापूर वेडा झाला. खाणं सोडलं. पट्टी दिवसातून सात वेळा ओली. बंद चावून तोडले आणि थेट देवघराच्या चौकटीवर. मी तडकले. आजपासून हा घरात नको, मागे गोठ्यात बांधा.

भाऊजी म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं."

एवढा गरीब कधीपासून झाला हा माणूस?

मार्गशीर्ष शुद्ध नवमी

कसब्यातच बहिणीच्या नातवाचं बारसं होतं. दुपारी परत आले तर गोठ्यातल्या मधल्या दाराची कडी काढलेली. कापूर आणि शेवंती अडकलेली. अशा वेळी ओढून सोडवता येत नाहीत, इजा होते. उभी राहिले. सुटेपर्यंत उभीच राहिले.

देवघरात फडताळामागे नारळ सापडला. एका मोठ्या सरदाराने पांढऱ्या पिल्लासाठी पाठवलेला. आठ दिवसांपूर्वी.

"शब्द दिला होता, वहिनी. घेतलेला नारळ परत कसा करू?"

कडी त्यांनी काढली. पण दोघांत एका दाराचं अंतर ठेवलं ते मीच. भिंतींसाठी.

भिंती कोरड्या आहेत. घराला वास नाही.

पौष वद्य षष्ठी

शेवंतीचं पोट दिसू लागलं. बरगड्याही दिसतात. दूध, नाचणीची पेज. भाऊजी रोज पोटाला हात लावून मोजतात. तिच्या तोंडाकडे एकदाही बघितलं नाही.

माघ शुद्ध त्रयोदशी

पाच. सगळी पांढरी. शेवंती उठत नाही. भाऊजींनी आळीत साखर वाटली. माझ्या हातावर ठेवायला आले. म्हटलं, दात दुखतो.

फाल्गुन शुद्ध तृतीया

कान उघडले असणार. परात घेऊन मागून गेले, नुसत्या वाऱ्याने वळू नयेत म्हणून लांबून वाजवली. चार वळली. पाचव्या नराने आईच्या पोटातून डोकं काढलं नाही. सकाळी, दुपारी, परत जेवणानंतर. तीनदा. जागा होता.

मान वर केली तर दारात भाऊजी.

"हाच," म्हणाले. "बघा, दचकत नाही. रक्तच हिऱ्याचं. सरदारांना हाच द्यायचा."

म्हटलं, भाऊजी, तो बहिरा आहे. तुम्हाला माहीत आहे.

दार लोटून घेतलं. मग शांतपणे, "पिल्लाबरोबर वंशाची चिठ्ठी जाते ती तुमच्या हातची. साधी लिहा. दादा गेल्यावर या घरात तुम्हाला कोणी काही कमी केलं नाही."

फाल्गुन शुद्ध पंचमी

करीममियांना सांगितलं. पिल्लू मांडीवर घेऊन बसले, उलटसुलट केलं, कानात फुंकर मारली. म्हणाले, "शीळ पुन्हा मलाच घालायची आहे, बाईसाहेब."

चहूकडे बघून कापूर कुठे विचारलं. गोठ्यात जाऊन त्याची पाठ खाजवली आणि गेले.

चैत्र शुद्ध सप्तमी

उद्या सकाळी माणूस पिल्लू न्यायला येणार. भाऊजींनी नवी टोपली आणली, आत मखमल. बाहेर दोनदा खाकरून गेले.

चिठ्ठी लिहायला घेतली. नर. रंग पांढरा. बाप कापूर, आई शेवंती. जन्म माघ शुद्ध त्रयोदशी. खोड

इथवर लिहून टाक कागदावरून उचलला. शाई पुन्हा घोटून आणली आहे. एकच शब्द उरला, तो पुसट नको.