हिवताप परत आला म्हणून गाडी सोडणार नाही

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार (अंथरुणातूनच घालतोय, आडवा आहेच). तुझा खोकला गेला का? दाजींचा गुडघा काय म्हणतो? माझी प्रकृती उत्तम आहे, फक्त ताप आहे.

तुझा निरोप पोचला. डासांचं गाव सोड, ड्रायव्हिंग स्कूलची नोकरी सोड आणि इकडे निघून ये. यातलं मी काहीही सोडणार नाही. एक तर इथल्या डासांवर तू उगाच आळ घेतेस. मला मलेरिया नव्याने झालेला नाही, हा मागचाच आहे. डॉक्टरीणबाईंनी नीट फोड करून सांगितलं. डास चावला की या जातीचे जंतू आधी यकृतात जातात आणि त्यातले काही तिथेच झोपून राहतात. रक्तातल्या जंतूंना मारणाऱ्या गोळ्या या झोपलेल्यांच्या केसालाही धक्का लावत नाहीत. मग काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी त्यांना जाग येते आणि एकही डास न चावता माणूस कुडकुडायला लागतो. (दाजींचा तो चुलतभाऊ आठव. गेला एकदाचा म्हणून आपण हुश्श केलं आणि तो माडीवर झोपलेला निघाला.)

या झोपाळूंसाठी वेगळ्या गोळ्या असतात. त्या सगळ्यांना मानवत नाहीत, म्हणून आधी रक्त तपासतात. माझं तपासलं, चालतील म्हणाले, घेऊ लागलो. तोवर ताप गेला होता, भूक लागत होती आणि गोळीने मात्र पोटात ढवळायचं. नसलेल्या तापाचं औषध कुठला शहाणा माणूस घेतो? मी थांबवल्या. तुझी भावजय रोज विचारायची आणि मी रोज हो म्हणायचो (पाकीट गाडीच्या खणात होतं).

मग परवाचा प्रकार. माझ्या शेजारी एक निवृत्त मास्तरीणबाई शिकत होत्या. आमच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही एक ब्रेक असतो, हे तुला माहीत आहेच. भर चौकात मला हुडहुडी भरली आणि पाय त्या ब्रेकवर थडथडू लागला. गाडी उचक्या देत चालली. मी बाईंवर ओरडतोय, क्लच हळू सोडा, क्लच हळू सोडा. बाई बिचाऱ्या माफी मागतायत. शेवटी त्यांनी खाली वाकून माझा पाय पाहिला, तो उचलून बाजूला ठेवायला लावला आणि मला थेट दवाखान्यात नेलं. एकदाही गाडी बंद पडू दिली नाही. वर दोन रुग्णवाहिकांच्या मधल्या फटीत रिव्हर्स घेऊन लावली. (मी महिनाभर शिकवत होतो, तेव्हा जमत नव्हतं.)

बाकावर बसल्यावर त्या म्हणाल्या, "मला गाडी सरळ चालवता आली, तेव्हा मी पुरे म्हटलं होतं. तुम्ही सोडलं नाहीत. चढावर रिव्हर्स आल्याशिवाय शिकणं संपत नाही म्हणालात. मग गोळ्या कशा मध्येच संपल्या?" शिकाऊ माणसाशी वाद घालायचा नाही, हा माझा नियम आहे.

मालकांच्या कानावर गेलंच. आता ते म्हणतात, सगळ्या गोळ्या संपवून डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी आण, नाहीतर गाडी नव्या शिक्षकाला देतो, तू काउंटरवर बसून फोन घे. त्यांना तोंडावर सांगितलं की त्या ब्रेकवर माझाच पाय राहील. ताई, मला दुसरं काही येत नाही. काउंटरच्या नुसत्या विचाराने मला तापापेक्षा जास्त धडकी भरते. पण घाबरून तुझ्याकडे पळून येणार नाही, हे पक्कं समज.

दाजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा धाकटा (आणि ठणठणीत) भाऊ

ता. क. गाडीच्या किल्ल्या कालपासून मालकांकडे आहेत. नव्या शिक्षकाने माझी सीट पुढे ओढून घेतली, असं कळलं.

आणखी एक. रक्त पुन्हा तपासून झालं, गोळ्या आजपासून पहिल्यापासून सुरू. रोज रात्री जेवणं झाली की मला फोन कर आणि गोळी गिळेपर्यंत ठेवू नकोस. तुझ्या भावजयीला मी खुशाल थाप मारतो, तुला मारायला मला कधी जमली नाही. मी चिडेन, मी काय कुकुलं बाळ आहे का म्हणेन, फोन करू नकोस म्हणून बजावेन. तरी ठेवू नकोस.