दाराच्या आत मांडलेलं ताट

५ ऑगस्ट
पोचलो. बसने पाठीचा भुगा केला, पण हनोईच्या जुन्या पेठेत शिरलो आणि जीव हरखला. वीटभट्टी झाली, कोळंबीची तळी झाली, सायगॉनमध्ये सिमेंटची पोती उचलून झाली, कुठेच पाय ठरला नाही. इथे ठरणार. हॉटेल इतकं नवं आहे की जिन्याच्या कठड्याला हात लावला तर रंग चिकटतो. घर मात्र जुनंच, टोपल्यावाल्यांच्या गल्लीतलं. रुंदीला जेमतेम दोन मोटारसायकली, लांबीला आगगाडी. मालकीण फुंगकाकू याला बुटीक हॉटेल म्हणते. मला समजलं ते एवढंच की खोल्या लहान, दिवे पिवळे आणि एका भिंतीचा गिलावा मुद्दाम खरवडलेला. सामान वर न्यायचं, चादरी बदलायच्या, दारात उभं राहून हसायचं, हे माझं काम. हसणं जमतं.
मोठी गोष्ट म्हणजे आईच्या डोळ्यांचं काकूशी बोललो. एक डोळा कधीचाच गेला, दुसऱ्यात मोतीबिंदू पिकलाय. इथल्या दवाखान्यात वीस तारीख मिळालीय. काकू म्हणाली, आण की, मागची खोली तशीही कुणी घेत नाही, खिडकीसमोर भिंत आहे. मी म्हटलं, तिला आता भिंतही चालेल, दिसली तर बरंच.

९ ऑगस्ट
लुआताई स्वयंपाक आणि झाडलोट दोन्ही बघते. तोंडाने फटकळ. मी चादर पसरली की विचारते, थिन्ह, पलंग आहे की तळं, मासे धरतोस का? मी थान्ह होआ प्रांतातला हे कळल्यापासून तर सोडतच नाही. काकू तिला सामील. म्हणे थान्ह होआचं एक पोरगं आलं की मागून अख्खं गाव येतं. मी म्हटलं, फक्त आई येणार. दोघी हसल्या, मीही हसलो.

१४ ऑगस्ट
डोकं फिरलंय. उद्या सातव्या महिन्याची पौर्णिमा, म्हणून आज बेवारस आत्म्यांचं ताट. ताई नेमकी सासऱ्याच्या वर्षश्राद्धाला गावी गेलेली, म्हणजे सगळं माझ्या गळ्यात. पातळ पेज शिजवली, लाह्या, रताळी, उसाची कांडकी, वाटीत तांदूळ आणि मीठ. फुटपाथवर मांडायला वाकलो तोच काकू धावत आली. सकाळीच वॉर्डाची माणसं शेजारच्या चहावाल्या म्हातारीची स्टुलं टेम्पोत टाकून घेऊन गेली होती. फुटपाथ मोकळा पाहिजे म्हणे. काकू म्हणाली, आत मांड, भुतांना काचेच्या दाराचं काय पडलंय. मांडलं. उदबत्त्या लावल्या, ज्यांना पाणी द्यायला कुणी नाही त्यांनी यावं, जेवावं, असं म्हटलं. रीतीप्रमाणे ताट लुटायला गल्लीतली पोरं जमली तर काकूने त्यांना हाकललं, एसीची हवा बाहेर जाते. शेवटी तांदूळ-मीठ रस्त्यावर उधळून त्यांना वाटेला लावायचं, तर म्हणते, माझ्या नव्या पायरीवर डाग पडतील, डब्यात ओत. ओतलं. मालकीण ती. मी कोण सांगणार.

१६ ऑगस्ट
मागच्या खोलीतला पलंग आईसाठी लावून ठेवला होता. दुपारी बघतो तर चुरगळलेला. पुन्हा लावला. चहा पिऊन आलो तर पुन्हा तसाच. उशीला डोक्याचा खळगा. रिकाम्या खोल्यांतले टॉवेल ओले. नळवाल्याला बोलावलं तर तो म्हणाला, गळती कुठेच नाही, कुणीतरी अंघोळ केलीय, एवढंही कळत नाही का. धुऊन धुऊन हात सोलवटले. कुकरातला भात तळापर्यंत खरवडलेला असतो आणि काकू माझ्या पोटाकडे बघते.

१८ ऑगस्ट
एक गोरं जोडपं आलं आणि दुपारीच बॅगा घेऊन खाली उतरलं. जाताना फोनवर काय लिहून गेले ते काकूने मला वाचून दाखवलं. जागा सुंदर, मुलगा हसरा, पण आमच्या खोलीत आधीच बरीच माणसं बसली होती आणि ती उठायला तयार नव्हती.
काकूने मग अर्धी गल्ली ऐकेल असं झाडलं. मी गाववाले भरतोय म्हणे. खोल्या रिकाम्या कर, नाहीतर तुझी आई बसस्टँडवर झोपेल. मी रिकामं कुणाला करू? एकेक दार उघडून दाखवलं. कुणी नाही. दार ओढलं की आत पलंग करकरतो. काकूने ते ऐकलं आणि माझ्याचकडे बघितलं.

२० ऑगस्ट
आई आली. ऑपरेशन चांगलं झालं. चोवीस तारखेला पट्टी काढणार, तोवर तिला काहीच दिसायचं नाही. काकूच्या हातापाया पडून मागची खोली मिळवली. आईला पलंगावर बसवलं, तर ती लगेच सरकून कडेला बसली. का म्हणून विचारलं, तर म्हणाली, या बाईंना टेकू दे की, उभ्या आहेत बिचाऱ्या.
औषधाची गुंगी असेल.

२१ ऑगस्ट
आई गप्पा मारते. दाराबाहेर थांबून ऐकलं. हिचंच बोलणं ऐकू येतं, मध्येमध्ये थांबते, हसते, अगंबाई म्हणते. मी भात घेऊन आत गेलो तेव्हा रीतीप्रमाणे जेवायच्या काड्या हातात घेण्याआधी तिने सगळ्यांना या जेवायला म्हटलं. मला वाटलं मलाच. मग तिने वाटी पुढे केली, माझ्या बाजूला नव्हे, कोपऱ्याकडे.
मी ओरडलो, इथे कुणी नाही. ती मलाच रागावली. थिन्ह, पाहुण्यांसमोर असं बोलतात? फार सोशीक माणसं आहेत ही, कुणी न बोलावता घासाला हात लावत नाहीत.

२२ ऑगस्ट
ताई परत आली. दारातच थबकली, चप्पलही काढली नाही. ताट कुठे मांडलंस, विचारलं. सांगितलं. तांदूळ-मीठ कुठे उधळलंस? डबा दाखवला. ती तिथेच पायरीवर बसली.
मग एक शिवी हासडली, ती इथे लिहीत नाही. म्हणाली, घरात बोलावलंस, जेवू घातलंस आणि जा म्हणालाच नाहीस. मग ते का जातील? तू गेला असतास?
काकूला सांगायला गेलो. ती म्हणाली, पौर्णिमा संपली, फुटपाथवर काही मांडायचं नाही, वॉर्डाचा दंड तू भरणार का?
आईला हलवू कुठे? ओळखीचं कुणी नाही. पट्टी निघायला दोनच दिवस —

२३ ऑगस्ट
काकू देवळात गेली तसं उरकलं. भर दुपारी, फुटपाथवर. पेज, लाह्या, सगळं. ताई म्हणाली तसं म्हटलं, जेवण बाहेर वाढलंय, या, जेवा, आणि आपापल्या वाटेने जा.
आले. दिसलं काही नाही, पण जिना भरला. कठड्याचा अजून न सुकलेला रंग हातांनी पुसला जाताना पाहिला. काचेचं दार उघडं राहिलं, बराच वेळ मिटेना. अंगाला घासून गार, गार — मी तांदूळ-मीठ मुठी भरभरून रस्त्यावर उधळलं.
मग दार मिटलं. घर इतकं शांत की ताई रडली. मी हसत वर पळालो, आईला सांगायला.
पलंग नीट लावलेला. चादर ताणलेली. आई नाही.

२३, संध्याकाळ
चहावाल्या म्हातारीने पाहिलं तिला. डोळ्याला पट्टी, तरी भरभर चालत होती म्हणे, कुणीतरी दोन्ही दंड धरून नेतंय तशी. बोलत होती, हसत होती. सोबत कुणी नव्हतं. नदीकडे गेली.
ताई म्हणते, ती त्यांना प्रत्येक घासाला बोलवत होती. तिला न बोलावता ते कसे जेवतील, कसे जातील? रीत आहे.

२४ ऑगस्ट
पोलीस. फोटो दिला. काठावर, पुलाखाली, सगळीकडे — नाही.
आज पट्टी काढायची होती.
काकू खूश. खोल्या रिकाम्या झाल्या. उद्या ग्रुप येणार. मला म्हणाली, तोंड धू, हास जरा.

२५ ऑगस्ट
एकच उपाय. ताईला सांगितलं तर तिने हात जोडले. म्हणाली, आईला एकटीला बोलावता येणार नाही, सोबतचे येतीलच, आणि या वेळी फक्त आपल्याच गल्लीतले नसतील. नदीवरचेही —
येऊ देत.
ताई घर सोडून गेली. ग्रुप वर झोपलाय, दुपारची झोप.

ताट मांडलं. आत. पेज तिला आवडते तशी घट्ट केली. काचेचं दार सताड उघडं.
नाव घेऊन बोलावलं. आई, ये जेवायला.
गल्ली गार पडत चाललीय. म्हातारीने छत्री मिटली, उठून गेली.

पायरी ओली झाली. खूप पावलं. एकावर एक.
आईची कोणती कळत नाही. सगळीच म्हणतात, थिन्ह, हात दे, मला दिसत ना —