गाळलेलं प्रकरण

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण एक गोष्ट सांगायची राहिली आहे. ऐंशीच्या दशकातला तो वर्षावास आठवतो. पावसाळ्याचे ते तीन महिने विहारात रोज संध्याकाळी धम्मग्रंथ वाचायचा मान तुमचा होता, आणि आलापल्लीच्या लाकूड डेपोतल्या नोकरीपेक्षा तुम्ही त्यालाच जपायचात. त्या वर्षी तुमच्या हाती एका आधुनिक तत्त्वज्ञाचं जाड पुस्तक आलं, तुम्ही ते वाचून काढलंत. एका संध्याकाळी वाचनानंतर त्याचे विचार सांगायचे असं तुम्ही ठरवलंत आणि कॉलेजात शिकणाऱ्या मला सारांश काढायला लावलात. मी चार पानं लिहिली: जडातून जीव आला, जीवातून जाणीव, ती अजून वाढतेच आहे, माणूस हा मधला टप्पा.

जेवणाच्या सुट्टीत तुम्ही सागाच्या ओंडक्यावर बसून ती पानं वाचताय, मी डबा घेऊन उभी आहे. "देवाचं काऊन गाळलं?" तुम्ही विचारता. देव जग घडवून बाजूला बसलेला नाही, या वाढीतच तो हळूहळू उमलतो आहे, असं तो तत्त्वज्ञ म्हणत होता. तुम्हाला ते पटलेलं नव्हतंच. मी डब्याचं झाकण उघडायला लागते. तुम्ही शेजारचा ओंडका हातोडीनं ठोकता. "हा आतून पोकळ आहे. मी खडूनं त्याच्यावर तसं लिहितो, घेणाऱ्याले समजलं पाहिजे. मले पटत नाई म्हणून त्या माणसाचं अर्धं बोलणं लपवू काय?"

संध्याकाळी तुम्ही सगळं सांगितलंत, देवासकट, आणि स्वतःला काय पटत नाही तेही. शेजारचे काका म्हणाले, "भाऊ, छप्पन साली धम्म घेतला, देव नदीत सोडले, आता पुस्तकातून वापस आणून राह्यले काय?" लोक हसले, तुम्हीही हसलात. दुसऱ्या दिवशी मात्र विहारातल्या मंडळींनी वाचायला दुसऱ्याच कुणाला बसवलं. तुम्ही वर्षावास संपेपर्यंत मागच्या सतरंजीवर बसून ऐकत राहिलात, एकही संध्याकाळ चुकवली नाहीत. तसं बसणं मला अजून जमलेलं नाही.

त्याच आठवड्यात तुम्ही आईला म्हणालात, "लोकं मले बोलतीन म्हणून घाबरली पोरगी, म्हणून गाळलं तिनं." आवाजात कौतुक होतं, आणि मी ते राहू दिलं. पुढे वर्तमानपत्रात वेळेवर मजकूर देण्यात माझी सगळी हयात गेली, पण ही एक दुरुस्ती कुठेच छापता आली नाही. हे पत्रही पाकिटात जाणार नाही. बाबा, मी तुमच्यासाठी घाबरले नव्हते. सकाळी पानं द्यायची होती, आणि देवाचं ते प्रकरण मी वाचलंच नव्हतं.