दिवसातून दोनदा साफसफाई

रविवार, १९ नोव्हेंबर २०२३, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटे. हाताची काळी शाई धुऊन आत्ताच बसलो आहे. नखांतली निघाली नाही.

प्रिय मास्तरीणबाई,

फोन नाही करत, पत्र लिहितो आहे. घाबरू नकोस, सगळे ठीक आहे. आपला प्रिंटर तेवढा बंद पडला. महिन्यापूर्वी छपाईत पांढऱ्या रेघा यायला लागल्या. माझे शिक्षण आठवीपर्यंतचे, पण सूचनांची पुस्तिका दोनदा वाचली आणि न कळलेल्या शब्दांखाली तुझ्यासारखी पेन्सिलने रेघ मारली. शाई भरली. केबल बदलली, तिचा काहीच दोष नव्हता हे नंतर कळले. गेल्या मंगळवारी सकाळी प्रिंटरचे दोन्ही दिवे आळीपाळीने लुकलुकायला लागले आणि त्याने कागद आत घेणेच सोडले.

तू तुझ्या ताईंकडे गेलीस त्याला आज अकरा आठवडे झाले. टेबलावर तुझे वह्यांवरच्या लेबलांचे कागद तसेच आहेत. तो बेडूक अर्धाच रंगवून ठेवला आहेस. वह्यांचे दुकानदार काका भेटले की विचारतात, मुले बेडकावरून भांडतात हो, कधी येणार लेबले? मी म्हणतो, आठ दिवसांत येईल ती. परवा मी तेच म्हणालो तेव्हा ते गिऱ्हाइकाकडे वळले. जेवण मी उभ्याउभ्याच करतो, पातेल्यातून. तुला आवडणार नाही, पण एका माणसासाठी ताट घ्यायचे म्हणजे उगाच धुवायचे काम.

आज सकाळी प्रिंटर चादरीत गुंडाळून दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने तो संगणकाला जोडला, आकडे पाहिले आणि चष्मा कपाळावर सरकवून माझ्याकडे बघत बसला. म्हणाला, काय हो, एकशे त्रेचाळीस वेळा साफसफाई? मी म्हणालो, अकरा आठवडे, शाई वाळू नये म्हणून, सकाळी एकदा आणि कामावरून आल्यावर एकदा. तर म्हणतो कसा, दात घासता की प्रिंटर? दुकानातले सगळे हसले, मीही हसलो. मग त्याने मशीन उघडून दाखवले. आत तळाशी स्पंजाची एक गादी असते. दर साफसफाईला थोडी शाई त्या गादीत जाते. ती गच्च भरली की मशीन स्वतःहून थांबते. जुनी गादी त्याने माझ्याच हातात ठेवली. चिखलासारखी जड होती. म्हणाला, छापून नाही थकलं हे, तुम्ही धुऊन धुऊन थकवलंत. रेघांचं म्हणाल तर पहिल्या दिवशी गप्प बसला असतात तरी दोन पानांत गेल्या असत्या.

त्याला सांगितले नाही ते तुला सांगतो. साफसफाई सुरू केली की ते मशीन मिनिटभर घरघरते. बाहेरच्या खोलीत बसून ऐकले की आत तू काम करते आहेस असे वाटते. म्हणून संध्याकाळी आल्याआल्या आधी ते बटण दाबायचो.

त्याच्या दुकानातल्या बाकावर बसल्याबसल्या तुझे ते आठवले. मी विचारायचो, रागावलीस का? तू नाही म्हणायचीस. मी पुन्हा विचारायचो, तू पुन्हा नाही म्हणायचीस. चौथ्यांदा विचारले की तू खरेच चिडायचीस आणि मी म्हणायचो, बघ, मला माहीतच होते. जाताना तू दारात म्हणालीस, मी आजारी नाही, सारखी माझी नाडी बघू नकोस. तेव्हा मला ते लागले. तू गेल्यावरही मी दिवसाला पाच फोन केले. ताई शेवटी म्हणाल्या, अहो, दोन तासांपूर्वीच बोललात ना, तेवढ्यात काय होणार आहे तिला?

दुरुस्तीवाला म्हणाला, गादीचे आणि मजुरीचे सहाशे पन्नास होतील, विकायला गेलात तर हजारसुद्धा येणार नाहीत, भंगारात द्या. मी अर्धा तास विचार केला आणि दुरुस्त करायला सांगितला. आता छान छापतो आहे. पण तो मी घरी ठेवणार नाही. उद्या सकाळच्या पार्सल गाडीने तुझ्याकडे येईल, बुधवारी पोचेल. दुकानदार काकांना तुझा पत्ता दिला आहे, ते लेबलांचे थेट तुलाच सांगतील. आठवड्यातून एक रंगीत पान छाप, बाकी त्याला हात लावू नकोस. खरे सांगायचे तर प्रिंटर इथे आहे तोवर तो न्यायला तरी तू एकदा येशील, असे मी धरून चाललो होतो, आणि म्हणूनच त्याला इतका जपत होतो. आता तेवढ्यासाठी तुला यावे लागू नये. हे पत्र त्यासाठीच. यापुढे मी फोन करणार नाही. उत्तर पाठवलेच पाहिजे असेही नाही.

तुझाच,
मी

हिशेब: शाई ७२०, साफ करायचे पाणी १२०, केबल (उगाच) ९०, दुरुस्ती ६५०, पार्सल १८०. एकूण १७६०. त्यातले ७०० तुझ्या लेबलांच्या पैशांच्या डब्यातून न विचारता घेतले होते, ते एक तारखेला पाठवतो. तू मला काही देणे लागत नाहीस.