टाकीला हवी ती ऊब

३ जानेवारी
आलो एकदाचे! घर ऐसपैस, मालक परगावी आणि आम्हाला राहायला दोन खोल्या फुकट. काम काय, तर दिवाणखान्यातली माशांची टाकी सांभाळायची. ठमीने, म्हणजे माझ्या सहा वर्षांच्या लेकीने, येताच टाकीसमोर ठाण मांडलं. टाकी भिंतभर, मासे मात्र अकराच. दवाखान्यात बारा वर्षं आयाबाई होते मी. माशांचं बरं असतं, उठसूट घंटी वाजवत नाहीत.

४ जानेवारी
मालकांनी फोनवर सगळं समजावलं. नुसत्या हीटरचा भरवसा नाही. त्याचं बटण आतल्या आत अडकलं की मासे शिजलेच. म्हणून बाहेर कंट्रोलर. हीटरची पिन कंट्रोलरमध्ये, कंट्रोलर भिंतीतल्या सॉकेटमध्ये आणि त्याच्या वायरीच्या टोकाचा सेन्सर पाण्यात. पाणी पंचवीस अंशांच्या खाली गेलं की हीटर चालू, सव्वीसला बंद. हीटरवरची चकती अठ्ठावीसवर ठेवायची, म्हणजे कंट्रोलर रुसला तरी पाणी फार तापत नाही. टाकीत काही पडलं तर लांब चिमट्यानेच काढायचं. बस, एवढंच काम!

७ जानेवारी
सेन्सर धरून ठेवणारी रबरी वाटी सुटली. सेन्सर हीटरमागच्या फटीत जाऊन अडकला. चिमटा पोचेना, माझा पंजा मावेना. ठमीचा मावला. तिने तो बरोबर काढून दिला, शाबासकी मिळवली. म्हणाली, पाणी माझा हात धरून बसलं होतं. मी हसले.

९ जानेवारी
हीटरचा लाल दिवा दोन दिवस पेटलेलाच नाही, तरी कंट्रोलर सत्तावीस दाखवतोय. मी हीटरची पिनच काढून ठेवली. तासाभरात अठ्ठावीस. खोलीत गारठा आहे. ठमी आज गप्प गप्प. तिचे हात गार लागतात.

१० जानेवारी
डॉक्टर म्हणाले, थंडी बाधलीय, स्वेटर घाला. घरी येऊन काखेत थर्मामीटर लावला. छत्तीसच्या वर हवं. ठमी पस्तीस, टाकी तीस. दुपारी ठमी चौतीस, टाकी एकतीस. दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिले. तिचा उतरतो तसा टाकीचा चढतो. चिमट्यानेच काढा असं सांगितलं होतं. मी लेकराचा हात घातला.

११ जानेवारी
ताईकडे निघाले. बस दुसऱ्या थांब्यापर्यंत गेली नाही तोच ठमीचे ओठ निळे पडले. तिला उचलून पळत परत आले. घराच्या दारात तिने डोळे उघडले.

मालकांना फोन केला. रडले, भांडले, नाही नाही ते बोलले. त्यांनी एवढंच विचारलं की पाणी आता ऊन आहे ना. मग फोन ठेवला.

१२ जानेवारी
ऊबच हवी ना त्याला? घे म्हटलं. हीटर पुन्हा जोडला, चकती शेवटापर्यंत फिरवली, कंट्रोलर चौतीसवर. ठमीची गादी टाकीजवळ आणली. दुपारपर्यंत ठमी छत्तीस! दूध मागितलं, निम्मं सांडलं. मला तेही गोड वाटलं.

मासे सगळे मेले. मरू देत.

१३ जानेवारी, सकाळ
लाल दिवा पेटलाय. पाणी चौतीस. तरी ठमी पुन्हा चौतीस.

विजेची ऊब नको झालीय त्याला.

दुपार
तेहेतीस. हाक मारते, तर नुसत्या पापण्या —

मीच घालते हात. तिला सोड. माझी घे.

कोपरापर्यंत घातलाय. डाव्या हाताने लिहितेय. पाण्याने धरलंय. खरंच धरलंय.

ठमी हलली. पस्तीस. गालांवर रंग आला. घे, अजून घे —

छत्तीस. उठून बसली! माझं बाळ

माझी बोटं मला कळत नाहीत. असू देत. खांद्यापर्यंत गार. हात निघत नाहीये. नाही निघाला तरी —

ती स्टूल ओढत आणतेय. हसतेय. म्हणतेय, थांब आई, मी सोडवते तुझा हात

ओरडायचंय. जबडा हलत नाही, आवाज —

ठमी नको

स्टुलावर चढली. स्वेटरची बाही वर कर —