विटका लाल

प्रिय इस्तेवेने,

पत्र पाहून हसशील. पण फोन केला की तू "बरं बरं, भट्टी पेटलीय" म्हणून ठेवून देतोस. हे मात्र पूर्ण वाचावं लागेल.

इथे काल्यारी शहरात वारा थांबत नाही आणि मलाही एका जागी बसवत नाही. दोनदा कॉफी गॅसवर ठेवून विसरले. माझ्या मेंदूच्या फोटोत डाग निघाले होते ना, अर्धशिशीचे असतील म्हणाले होते? आता जास्त ताकदीच्या एमआरआय यंत्रात घातलं. आत इतकी ठोकाठोक, की वाटलं तुझ्याच कारखान्यात झोपलेय. पिरास डॉक्टरबाईंनी पडद्यावर दाखवलं. बहुतेक डागांच्या मधोमध एक बारीक शीर, आणि एकाच्या कडेला लोखंडाची काळी किनार. अर्धशिशीत असं सहसा नसतं म्हणाल्या. मल्टिपल स्क्लेरोसिस, पण अगदी सुरुवातीचा. मी म्हटलं, "आम्ही पिढीजात चाकू घडवणारे, लोखंड आमची पाठ सोडत नाही." त्या हसल्या नाहीत. मी खूप घाबरले, इस्तेवेने. औषध सुरू झालंय.

बोनारिया आत्यानं पाण्यात गव्हाचे दाणे टाकून दृष्ट काढली. बुडबुडे बघून म्हणाली, "एकटीला नाही लागली गं." आणखी कोणाला, विचारलं, तर म्हणे, "मला काय विचारतेस, गव्हाला विचार." तेव्हा मी हसण्यावारी नेलं.

मग पुढच्या भेटीत डॉक्टरबाईंनी विचारलं, पहिल्यांदा काय जाणवलं? एका डोळ्याला लाल रंग विटका दिसायचा, असं सांगता सांगता मला तू आठवलास. ईस्टरला जेवताना तू एक एक डोळा मिटून म्हणाला होतास, "या डोळ्याला वाईन पाणी घातल्यासारखी दिसते." "पेला बदल," म्हणून मीच सगळ्यांना हसवलं. भट्टीतली ठिणगी डोळ्यात गेली असेल, म्हणून तूही सोडून दिलंस. बाई म्हणाल्या, सख्ख्या भावंडांत हे कधीकधी निघतं, आणि लवकर कळलं तर पुष्कळ काही वाचवता येतं.

तुझ्या तपासणीसाठी इथे सोमवारची वेळ घेतलीय. आधी डोळ्यांचा एक्स-रे काढतील, कारण आत लोखंडाचा कण असेल तर यंत्रातलं चुंबक तो ओढेल. नुसती ठिणगीच निघाली, तर जन्मभर चिडव मला. खालची सही मुद्दाम लाल शाईनं केलीय. आधी एक डोळा मिटून बघ, मग दुसरा. दोन्ही वेळा सारखी दिसली नाही, तर भट्टी विझव आणि ये.

तुझीच,
गाविना