छताकडे तोंड करणारा प्रोजेक्टर

तीर्थस्वरूप मामांस,

माझा साष्टांग नमस्कार. आईचा आशीर्वाद (ती रागावलेली आहे, पण आशीर्वाद लिहू का असं विचारलं तेव्हा "लिही" म्हणाली, म्हणून लिहिला). बाबांचा निरोप शेवटी लिहीन. तो शब्दाला शब्द लिहायचा आहे आणि त्यासाठी हात स्थिर पाहिजे. तुमचा गुडघा कसा आहे? शेकताना गरम पाण्याच्या पिशवीचं बूच दोनदा पिळून बघत जा. आमच्या शेजारच्या आजींची पिशवी मध्येच सुटली. गुडघा बरा झाला, मांडी भाजली. मी घाबरवत नाही, फक्त कळवतो.

हे पत्र तुम्ही आठ महिन्यांत एकदाही आला नाहीत त्याबद्दल नाही, हे आधीच स्पष्ट केलेलं बरं. (दवाखान्यात एकदा वॉर्डाच्या दारापर्यंत येऊन परत गेलात, ते आईने पाहिलं. पाठमोरे होतात, पण धाकट्या भावाची पाठ आपण लहानपणापासून ओळखतो असं ती म्हणते.) बाबा ज्या परांचीवरून, त्या दोराने बांधलेल्या फळ्यांवरून, पडले ती तुम्ही बांधली होती, म्हणून तुम्ही तोंड दाखवत नाही, असं तिचं मत आहे. माझं त्यावर काही मत नाही. मला फक्त एका प्रोजेक्टरबद्दल तुमचा सल्ला हवा आहे, ठेवावा की दुकानात परत करावा. परत करायची मुदत शनिवारपर्यंत आहे.

प्रोजेक्टर कशाला, असं तुम्ही विचाराल. बाबा दिवसभर पाठीवर सपाट असतात. मान वळत नाही, कुशीवर करायला दोन माणसं लागतात. डॉक्टर पूर्वी "बघू" तरी म्हणायचे, आता नुसते कागद चाळतात आणि पेनाला टोपण लावतात. तुम्ही दोघांनी बावीस वर्षं लोकांची छतं गिलावा करून दिलीत, आणि आता बाबांच्या डोळ्यांसमोर सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकच छत, आमच्या मागच्या खोलीचं. बोलणं जवळजवळ बंद. एका आठवड्याचे शब्द मी मोजले, तर "पाणी" अकरा वेळा, "बस" सहा वेळा, "पंखा" चार वेळा, आणि एकदा "असू दे", ते कशाबद्दल ते कळलं नाही. त्यांना बघायला काहीतरी द्यावं असं माझ्या मनाने घेतलं. टीव्ही भिंतीवर असतो आणि भिंत त्यांना दिसत नाही. तेवढ्यात कळलं की हल्ली हातातून नेता येईल असा प्रोजेक्टर मिळतो, चित्र कुठेही पाडा. धंद्यालाही उपयोग, कारण गिऱ्हाइकाच्या छतावर आधीच नक्षी पाडून दाखवली की नंतर "असं नव्हतं सांगितलं" म्हणायची सोय उरत नाही.

मग मी वहीत रकाने आखले. उजेड किती, चित्र किती रेखीव, पंख्याचा आवाज किती, बॅटरी किती वेळ, वजन, फोन जोडता येतो का, वाकडं पडलेलं चित्र आपोआप सरळ होतं का, असे अकरा. बारावा रकाना, "छताकडे तोंड होतं का". पहिल्या अकरांची उत्तरं सगळे देतात. बाराव्याचं कुणीच देत नाही. प्रत्येक जाहिरातीत एक हसरं कुटुंब सोफ्यावर बसलेलं असतं. पडलेलं कुणीच नसतं. विकत घेतलेल्या लोकांचे अभिप्रायही वाचले. एकाने लिहिलं होतं, उत्तम. दुसऱ्याने लिहिलं होतं, फसवणूक. तिसऱ्याने लिहिलं होतं की खोका मजबूत आहे, त्यात आम्ही आता कांदे ठेवतो. यात तीन आठवडे गेले. आई रोज जाता-येता म्हणायची, "माणूस अंथरुणावर आहे आणि हा रकाने आखतोय. तेही पट्टीने!" (पट्टीने आखले हे खरं आहे. हाताने आखलेला रकाना मला वाचवत नाही.)

शेवटी दुकानात गेलो. तिथल्या विक्रेत्याला मी मनातल्या मनात 'नक्कीच' असं नाव ठेवलं, कारण प्रत्येक प्रश्नाला तो तेवढंच म्हणायचा. नक्कीचने तीन नमुने काढले. पहिला विटेएवढा, उजेड भरपूर, पण आतला पंखा असा की कुणी शेजारी चटणी वाटतं आहे. दुसरा खिशात मावणारा, पण दिवसा त्याचं चित्र दिसायला आधी चित्र आहे यावर विश्वास ठेवावा लागे. तिसरा छोट्या स्टँडवरचा, मान वर-खाली होणारा. मी विचारलं, मान पूर्ण वर जाते का? नक्कीच. चित्र छतावर स्पष्ट पडेल का? नक्कीच. आडवं पडलेल्या माणसाला सुलटं दिसेल का? यावर तो पहिल्यांदाच थांबला. म्हणाला, "दादा, तसं कुणी विचारलेलं नाही." तेव्हा मी दुकानाच्या फरशीवर रुमाल अंथरून झोपलो आणि त्याला म्हटलं, लावा. चार गिऱ्हाइकं मला वळसा घालून गेली. एक बाई पाणी घेऊन आल्या आणि माझे बूट सैल करायला लागल्या. नक्कीच वाकून म्हणाला, "दादा, घरी कुणाला फोन करू का?" मी पडल्या पडल्या म्हटलं, "उजवा कोपरा धूसर आहे." तो म्हणाला, "नक्कीच." तोच घेतला.

आधी धंद्यात वापरून बघावा म्हणून एका दाताच्या डॉक्टरांकडे नेला. (बाबांच्या बाबतीत काही चुकायला नको, चूक परक्याकडे झालेली बरी, असा हिशेब.) डॉक्टरांना पेशंटच्या खुर्चीवरचं छत सुधारून हवं होतं, कारण तिथे येणारा प्रत्येक माणूस वरच बघतो. मी म्हटलं, डॉक्टर, तुम्ही स्वतः खुर्चीत झोपून बघा. ते म्हणाले की या खुर्चीत आपण आयुष्यात झोपलेलो नाही. झोपले. मी खुर्ची मागे केली, पडदे ओढले आणि छतावर पानाफुलांची गोल नक्षी पाडली. नक्षी सुरेख पडली, पण प्रोजेक्टर तापला आणि त्याचा पंखा डॉक्टरांच्या कानापाशी बारीक, चिरका आवाज करायला लागला. मामा, तो आवाज तुम्हाला माहीत आहे, दात कोरताना येतो तोच. डॉक्टरांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. कपाळावर घाम आला. तोंड आपोआप उघडलं. मग एकदम उठून बसले आणि म्हणाले, "बंद करा ते!" पाणी पिऊन झाल्यावर शांतपणे म्हणाले, की नक्षी चांगली आहे, पण गुंगीतून उठणाऱ्याला डोळ्यांसमोर फुलं दिसली तर त्याला वाटेल आपण गेलो. पांढरं आहे ते ठीक आहे. काम गेलं.

तरीही मी घरी लावायचं ठरवलं. पहिली अडचण छताच्या पंख्याची. चालू ठेवला तर चित्र फिरतं, बंद ठेवला तर तीन पाती मध्ये. पंखा काढला आणि टेबलावरचा लावला. (त्यामुळे बाबांचा "पंखा" हा शब्दही गेला, हे नंतर लक्षात आलं.) हुक मात्र छतातच राहिला. दुसरी अडचण जागेची. पलंगाच्या मधोमध प्रोजेक्टर ठेवणार कुठे, बाबांच्या पोटावर? म्हणून तो कोपऱ्यातल्या कपाटावर ठेवला, मान थोडी वर करून, म्हणजे उजेड तिरका, छताला घासत जाईल. मामा, इथे तुम्ही कपाळाला हात लावला असेल. मी लावला नाही. गिलावा तपासायचा तर दिवा छताला चिकटवून आडवा धरायचा, म्हणजे प्रत्येक उंचवट्याची सावली पडते, हे बाबांनी मला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, आणि मी नेमकं तेच केलं, फक्त दिव्याऐवजी सिनेमा धरला.

दिवेलागणीला पडदे ओढले. आई पलंगाच्या कडेला आडवी झाली, मी खाली सतरंजीवर. बर्फाच्या डोंगरातला जुना सिनेमा होता. नायिका आली तेव्हा हुक बरोबर तिच्या नाकात आला, आणि आई म्हणाली, "एवढी मोठी चमकी कुणी घालतं का?" आठ महिन्यांत ती पहिल्यांदा हसली, ते मी लगेच मनात नोंदवलं. मग नायक पांढऱ्याशुभ्र बर्फातून एकटाच चालत जातो तो भाग आला, आणि बाबा म्हणाले, "थांबव." मी थांबवलं. "परत लाव." मी परत लावलं. असं चार वेळा. मला इतका आनंद झाला की विचारू नका. वाटलं, बाबांना बर्फ आवडला. पाचव्यांदा लावल्यावर बाबा म्हणाले, "दाराकडून तिसऱ्या पट्ट्यात पोट आलंय."

मी सिनेमा थांबवून वर बघितलं, गिलावा तिथे खरंच फुगलेला होता. त्यांनी विचारलं, "हे छत कुणी केलं?"

"मी केलं, बाबा."

"कधी?"

मी सांगितलं, पाच वर्षं झाली, तुम्ही आणि मामा परगावी सभागृहाचं काम करत होतात तेव्हा, मी एकट्याने केलेलं ते पहिलं छत. नायक बर्फात एक पाय उचलून तसाच थांबलेला होता. मग बाबा म्हणाले, "आठ महिने मी याच्याखाली पडलोय आणि मला दिसलं नाही." त्यांचा आवाज असा आला की आईने त्यांच्या हातावर हात ठेवला. मला वाटलं, झालं, होतं तेही मी घालवलं.

पण त्यानंतर ते जे बोलायला लागले, ते जेवण गार होईपर्यंत. खिडकीपाशी थापी ओढली आहे, ढकलायला हवी होती. मधला थर ओला असताना वरचा चढवला. हुकाभोवती घाई केली, तेव्हा भूक लागली असणार. (लागली होती, मामा. पाच वर्षांनी हे माणसाला छताकडे बघून कसं कळतं?) दुसऱ्या दिवशी मी नवीन सिनेमा लावला तर म्हणाले, मध्ये माणसं येतात, काढ. त्यांना नुसता पांढरा उजेड हवा असतो. आता रोज संध्याकाळी आमच्याकडे बारा रकान्यांतून निवडलेला प्रोजेक्टर कोरा लावतात. आई म्हणते, एक बल्ब पुरला असता. बाबा बोट हलवून दाखवतात, मी शिडीवर चढून पेन्सिलीने गोल काढतो. आजपर्यंत एकेचाळीस गोल झाले. खोलीत कुणी आलं तर आधी वर बघतं आणि मग आमच्याकडे.

आता त्यांना ते सगळं छत खरवडून नव्याने करून हवं आहे. मी करतो म्हटलं, तर हसले. दुसरा कारागीर आणतो म्हटलं, तर डोळे मिटून घेतले. पलंग बाहेर काढू म्हटलं, तर नाही, खालूनच बघणार. वर परांची, खाली बाबा. मला झोप लागत नाही. म्हणून विचारतो की प्रोजेक्टर परत करावा का. तो गेला तर छत पुन्हा पूर्वीसारखं सपाट दिसेल, आणि बाबाही पूर्वीसारखे गप्प होतील. तुमचा विचार कळवा. गुडघ्याला जपा.

तुमचा भाचा

ता. क. प्रोजेक्टर ठेवला. मी लिहीत होतो तेवढ्यात आईने त्याचा खोका फाडून त्याचे तुकडे पलंगाच्या हलणाऱ्या पायाखाली घातले, त्यामुळे आता दुकान घेणार नाही.

दुसरा ता. क. बाबा पडले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी जागेवर गेलो होतो. परांची जशीच्या तशी उभी होती. सोळा गाठी, एकही सुटलेली नव्हती, फळीही हललेली नव्हती. एक गाठ मी दोरासकट कापून आणली, ती कपाटात आहे. तुम्ही खाली माल कालवत होतात, तुमची पाठ होती, म्हणून तुम्हाला दिसलं नाही. बाबा छताची कड पूर्ण झाल्यावर ती सरळ आली का ते बघायला एक पाऊल मागे सरकले, जमिनीवर सरकतात तसे. हे त्यांनी नवव्या दिवशी मला स्वतः सांगितलं. मी तेव्हाच कळवायला हवं होतं. मला वाटलं, गाठी तुमच्या, तुम्हाला माहीतच असणार.

तिसरा ता. क. बाबांचा निरोप, शब्दाला शब्द: "त्याला बोलाव. परांची त्यालाच बांधू दे. दुसऱ्या कुणी बांधलेल्या परांचीखाली मी झोपणार नाही."

चौथा ता. क. येताना तुमची पाणसळ आणा. आमची खोटं दाखवते असं बाबा म्हणतात. मी ती तीन ठिकाणी ठेवून तपासली, बुडबुडा बरोबर मध्ये येतो, ती खरं दाखवते. तरीही आणा. हातात काही नसलं तर तुम्ही परत दारातूनच वळाल.